झालं की फोन करा

भोसरी एमआयडीसीत एखादा पार्ट एकाच छपराखाली क्वचितच पुरा होतो. टर्निंग एका शेडमध्ये, हीट ट्रीटमेंट दुसऱ्या गल्लीत, ग्राइंडिंग तिसरीकडे. मग कुठे टेम्पो मोशीमार्गे चाकणच्या वाटेला लागतो. माल बाहेर जाताना जॉबवर्कचं चलान बरोबर जातं. नग किती, माल कुणाचा, परत कुठे यायचा. खाली बॉलपेननं खरडलेलं असतं, ‘झालं की फोन करा’. पाठवणारा भट्टीपाशी ताटकळत नाही. तो पुढचा जॉब मशीनला लावतो, जमलं तर चहाही सांगतो.

आयफोनची ॲप लिहिताना मला हे चलान सारखं आठवतं. सर्व्हरकडे माहिती मागितली की उत्तर कधी येईल याचा नेम नसतो, आणि तोवर स्क्रीन गोठवून ठेवता येत नाही. मग मागणीसोबतच सांगून टाकायचं: उत्तर आलं की हे कर. हा झाला कम्प्लीशन हँडलर. मागणी करणारं फंक्शन कधीच संपलेलं असतं, पण हा हँडलर म्हणजे एक क्लोजर असतं, आणि त्या फंक्शनची व्हेरिएबल्स त्यानं उराशी धरून ठेवलेली असतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी क्लोजरची कल्पना 1964 मध्येच मांडली होती.

चलानावरची शाई मात्र बदलत नाही. स्विफ्ट या भाषेतलं क्लोजर एरवी आकडा नव्हे, व्हेरिएबलच धरतं. मागाहून कुणी ते बदललं, तर बदललेलंच हाती येतं. स्क्रीननं क्लोजर जपून ठेवलं आणि क्लोजरनं स्क्रीन, तर दोघंही मेमरीतून हलत नाहीत. ‘वीक सेल्फ’ लिहायचं ते हे टाळण्यासाठी.

पण खरा घात याहून साध्या जागी होतो. ‘गार्ड लेट डेटा एल्स’, आणि महिरपी कंसात नुसतं ‘रिटर्न’. डेटा आला नाही, फंक्शन निमूट परतलं, हँडलरला कुणी हाकच मारली नाही. वापरणाऱ्यापुढे चक्र फिरतंय ते फिरतंच. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही.

2021 मध्ये स्विफ्ट 5.5 सोबत असिंक-अवेट आलं. आता फंक्शननं उत्तर द्यायचं किंवा एरर फेकायची. मधूनच गप्प परतायची सोय उरली नाही. माझ्या मते ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. तरी जुना कोड ढिगानं पडलाय, आणि तो तुमच्या टेबलावर येणारच. त्यात मोकळा ‘रिटर्न’ दिसला, की आधी त्याच्या वरची ओळ वाचा.