पहारेकऱ्याने पाहिल्यानंतर

गेममधल्या पहारेकऱ्यांनी कुठे बघायचं, कशाला दचकायचं आणि किती वेळात सगळं विसरून जायचं, हे ठरवणं माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे लपूनछपून खेळायचा आणि त्यातून रक्तपाताचा एखादा नवा गेम आला, की भाचरांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे मला एकच विचारतात: घ्यावा का? मुलांना विचारायचं असतं, पैसे वसूल होतील का. त्यांच्या आईवडिलांना विचारायचं असतं, हे पोराच्या डोक्यात तर शिरणार नाही ना. माझा अनुभव असा, की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात आणि ती जागा ट्रेलरमध्ये कधीच दाखवत नाहीत.

२०२५ साली सगळ्यात जास्त विचारणा झाली ती 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'ची. युबिसॉफ्टच्या क्वेबेकमधल्या स्टुडिओने केलेला हा गेम दोनदा पुढे ढकलला गेला आणि अखेर २० मार्च २०२५ रोजी आला. सोळाव्या शतकातला जपान, ओदा नोबुनागा या सरदाराचा काळ. खेळायला पात्रं दोन. एक इगा प्रांतातली नाओए, म्हणजे शिनोबी, आपल्या भाषेत निंजा. दुसरा यासुके, नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकी योद्धा. हा माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला आहे. नाओए सावलीतून सरकते, कंदील विझवते, जमिनीला पोट लावून रांगते. यासुकेला हे जमत नाही. तो दार फोडून आत जातो.

आईबापांची पहिली नजर जाते ती रक्तावर, आणि या गेममध्ये ते भरपूर आहे. पण सेटिंगमध्ये रक्त बंद करता येतं आणि मुंडकी, हातपाय तुटणंही वेगळं बंद करता येतं. जपानमध्ये विकलेल्या आवृत्तीत तर ते तुटणं मुळातच काढून टाकलेलं आहे. आता गंमत बघा. हे सगळं बंद करून तुम्ही किल्ल्यात शिरलात, तर आतला एकही पहारेकरी तसूभर बदलत नाही. त्याची फेरी तीच, नजर तीच, मरणही तेच. म्हणजे रक्त हा वरचा रंग झाला. खेळणाऱ्याला काय करायची सवय लागते ते त्या रंगावर ठरत नाही, आमच्यासारखे लोक आत जे आकडे भरून ठेवतात त्यांवर ठरतं.

पहारेकऱ्याची नजर कशी बांधतात ते सांगते. त्याच्या डोळ्यांपासून पुढे पसरत जाणारा एक अदृश्य शंकू असतो. बऱ्याचदा एकात एक असे दोन-तीन असतात. नाकासमोरच्या अरुंद शंकूत तुम्ही आलात की लगेच ओळख पटते. बाहेरच्या रुंद शंकूत आलात तर नुसता संशय येतो, आणि तो पिकायला वेळ लागतो. तुम्ही उभे की ओणवे, उजेडात की अंधारात, हलताय की स्तब्ध, यावर तो वेळ कमीजास्त होतो. संशय आला की पहारेकरी मोठ्याने स्वतःशीच बोलतो, "कोण आहे रे तिकडे?" खरा पहारेकरी असं करणार नाही, तो गुपचूप चार माणसं गोळा करेल. पण गेममधल्याच्या डोक्यात काय चाललंय हे खेळणाऱ्याला कळलं नाही, तर पकडलं जाणं हा त्याला अन्याय वाटतो. म्हणून आम्हाला पहारेकरी बडबडे करावे लागतात. 'वारा असेल' म्हणत माघारी फिरणाऱ्या पहारेकऱ्याची जगभर टिंगल होते. ती मी निमूट ऐकून घेते. तो तसं म्हणाला नाही, तर टिंगल करणाराच पहिल्या दहा मिनिटांत गेम बंद करून टाकेल.

या सगळ्यातला सर्वांत नाजूक आकडा विसरण्याचा. साथीदाराचं प्रेत सापडल्यावर पहारेकऱ्याने किती वेळ शोधाशोध करायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात फेरीला लागायचं, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. अर्ध्या मिनिटात तो सगळं विसरत असेल, तर एक माणूस मारण्याची किंमत अर्धा मिनिट झुडपात बसणं एवढीच झाली. तो विसरतच नसेल, किल्ल्याची दारं लागत असतील, कुमक येत असेल, तर सुरी काढण्याआधी तुम्ही चारदा विचार करता. म्हणून एखादा गेम हिंसक आहे का, असं कुणी विचारलं की मी त्यात मारणं किती स्वस्त आहे ते बघते.

या बाबतीत जुन्या लोकांनी करून ठेवलेलं काम अजून कुणी फारसं ओलांडलेलं नाही. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ' १९९८ साली आला. गॅरेट नावाचा चोर, हातात धनुष्य. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून खडखडणारी फरशी मऊ करायची. गालिच्यावर पाऊल पडलं तर आवाज नाही, लोखंडी जाळीवर पडलं तर अख्खा वाडा जागा. सगळ्यात अवघड पातळी निवडली की एक अट यायची: माणूस मारायचा नाही. पातळी अवघड करायची म्हणजे शत्रूंची संख्या आणि ताकद वाढवायची, असा हिशेब सगळीकडे चालायचा, अजूनही चालतो. यांनी तुमच्या हातातली सर्वांत सोपी युक्ती काढून घेतली. चोर जितका हुशार, तितकं मागे रक्त कमी.

याच्या बरोबर उलट टोकाला 'मॅनहंट'. रॉकस्टार नॉर्थचा, २००३चा. न्यूझीलंडने त्याच डिसेंबरात त्यावर बंदी घातली, आणि २००७ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने त्याच्या दुसऱ्या भागाला प्रमाणपत्र नाकारलं. बंदीची बातमी सगळ्यांना ठाऊक असते, कारणाची यंत्रणा फारशी कुणाला नसते. त्यात तुम्ही सावलीतून शत्रूच्या पाठीमागे जाता आणि बटण दाबून धरता. लगेच सोडलंत तर हत्या घाईघाईत उरकते. थोडं थांबलात तर खूण पांढऱ्याची पिवळी होते आणि हत्या जास्त क्रूर होते. आणखी थांबलात तर लाल, आणि मग जे दिसतं ते बघवत नाही. जितके थांबाल तितका तो माणूस मागे वळण्याचा धोका, आणि जितकी हत्या भयंकर तितकी शेवटी श्रेणी वरची. हे सगळं चित्रित करणारा दिग्दर्शक तुमच्या कानात बोलत असतो. त्याला आवाज दिलाय ब्रायन कॉक्स या कसलेल्या नटाने. रचना म्हणून हे अफाट आहे. धीर, धोका आणि बक्षीस एकाच बटणात. मात्र तो सगळा धीर कशाच्या कामी लावलाय ते बघितलं की पोटात ढवळतं. बटण लवकर सोडायची मुभा असतेच, पण श्रेणीच्या मोहाने आपण ते धरून ठेवतो. व्यवसायाचा भाग म्हणून मी तो खेळले. हौसेने खेळायला कुणाला सांगणार नाही.

मधल्या वाटेने जाणारे गेम जास्त चतुर आहेत आणि थोडे लबाडही. आर्केन स्टुडिओजच्या 'डिसऑनर्ड'मध्ये, २०१२ साली, तुम्ही जितकी माणसं माराल तितके शहरात उंदीर आणि प्लेगचे रोगी वाढत जायचे आणि कथेचा शेवट काळवंडायचा. प्रत्येक मुख्य शत्रूला न मारता बाजूला करायची एक वाट ठेवलेली. पण ती वाट बघा: खाणमालक असलेल्या दोन भावांच्या जिभा कापून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला पाठवायचं, एका बाईला बेशुद्ध करून तिच्यावर 'प्रेम' करणाऱ्या एका माणसाच्या स्वाधीन करायचं. मारलं नाही म्हणून गेमच्या वहीत तुम्ही सज्जन. त्या बाईला होडीत ठेवताना मला सरळ खून केला असता तर बरं, असं वाटलं होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या रूपात आलेल्या 'मेटल गिअर सॉलिड ३'मध्ये, मूळ २००४चा, एक नदी आहे. तिच्यातून चालत जायचं आणि आतापर्यंत तुम्ही मारलेला प्रत्येक जण समोरून चालत येतो. ज्याने कमी मारलेत त्याची नदी जवळजवळ रिकामी. यापेक्षा जास्त उपदेश करायची गरज मूळ गेमचा दिग्दर्शक कोजिमा याला वाटली नाही, आणि ते बरंच झालं.

माझ्या पसंतीचा मापदंड आपल्या मुंबईत आहे. आयओ इंटरॅक्टिव्ह या कोपनहेगनच्या कंपनीचा 'हिटमॅन २' नोव्हेंबर २०१८ मध्ये आला, त्यात एक अख्खी मोहीम मुंबईची आहे. दाटीवाटीची वस्ती, रेल्वेचं यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर आणि त्यात चाललेलं सिनेमाचं काम. तीन सावजं: टॉवरमधला निर्माता दाऊद रंगन, यार्डात राज्य करणारी वान्या शाह आणि वझीर काळे. (हे शेवटचं नाव ठेवताना कुणा मराठी माणसाला विचारलं नव्हतं, हे उघड आहे.) काळेचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही, तो गर्दीतून आधी हुडकावा लागतो. वस्तीतली माणसं इंग्रजी झाडतात, मुंबईकराला हसू येईल अशा बऱ्याच गोष्टी आहेत, पण रचना बघाल तर दाद द्याल. शिंप्याचा वेश करून तुम्ही वान्याची मापं घ्यायला जाऊ शकता. न्हाव्याच्या खुर्चीत काळे येऊन बसेल आणि वस्तरा तुमच्या हातात असेल. आणखी एक मारेकरी याच कामावर आलेला आहे, त्याच्याकडूनच काम करवून घेता येतं. सावज सोडून दुसऱ्या कुणाला मारलंत की गुण कापले जातात. प्रेत सापडलं, कॅमेऱ्यात दिसलात, की सर्वोच्च किताब गेला. खुनाचाच गेम, पण नव्वद टक्के वेळ जातो माणसं बघण्यात: हा कधी चहा प्यायला जातो, ती कुणावर विश्वास ठेवते. एकाच मोहिमेत माणूस पुनःपुन्हा जातो आणि दर वेळी नवी वाट काढतो. वसुली म्हणायची तर ही. शंभर किलोमीटरच्या नकाशापेक्षा तोंडपाठ झालेली एक वस्ती मला केव्हाही जास्त किमतीची वाटते.

आता या फूटपट्टीवर 'शॅडोज'. अंधार-उजेडाचं काम उत्तम आहे, या मालिकेत इतकं चांगलं मी आधी पाहिलेलं नाही. ऋतू बदलतात आणि त्यांबरोबर लपायच्या जागाही: उन्हाळ्यात ज्या तळ्यात श्वास रोखून बसलात ते थंडीत गोठलेलं असतं. पण मारण्याची किंमत? इथे गेम घसरतो. मारलेल्या माणसामागे अनुभवाचे गुण मिळतात. किल्ल्यातली मोठी पेटी उघडायची तर तिथले नेमलेले सामुराई एकेक करून संपवावेच लागतात. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून अलगद पेटीपर्यंत पोचलात तरी ती उघडत नाही. म्हणजे नाओए जितकी निपुण तितकी तिची निपुणता वाया. त्यात शत्रू तुमच्यापेक्षा वरच्या पातळीचा असेल तर मागून घातलेला वार लागूनही तो मरत नाही, उलटा फिरतो. वीस मिनिटं छपरावर काढलेला धीर एका आकड्यापुढे फुकट. हे टाळायला सेटिंगमध्ये एका वारात खात्रीने मारण्याचा पर्याय आहे. तो चालू केला तर मारणं आणखी स्वस्त होतं हे मला कळतं, तरी तो चालूच करा असं मी सांगते. धीराला काही फळच नसेल तर लपायचं कशाला? सगळे सरळ यासुकेला घेऊन दारं फोडत सुटतील.

घ्यायचा की नाही हे ठरवताना जाहिरातीचे तुकडे बघू नका, गुण देणारे तज्ज्ञही थोडे बाजूला ठेवा. एखाद्या सामान्य खेळाडूने न कापता टाकलेलं अर्ध्या तासाचं चित्रण शोधा, आणि त्यात तो पकडला जातो ती जागा बघा. नंतर काय होतं? तो पळतो, लपतो, नवा बेत आखतो, की तलवार काढून पंधरा जणांना कापतो आणि पुढे चालू लागतो? दुसरं दिसलं तर तुमच्यापुढे मारामारीचा गेम आहे, सावल्या फुकट मिळाल्यात. मारामारी आवडत असेल तर अवश्य घ्या, फक्त कशाचे पैसे देताय ते माहीत असू द्या. नवा मोठा गेम आपल्याकडे चार-पाच हजारांच्या घरात जातो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात, पण 'शॅडोज'च्या बाबतीत ही सोय फारशी कामाची नाही. दोन तासांत प्रस्तावनाच चालू असते, आणि यासुके मनासारखा हाती यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कन्सोलवाल्यांनी शक्यतो तबकडी घ्यावी. ती नंतर विकता येते, डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही.

राहता राहिला डब्यावरचा १८ चा आकडा. तो युरोपातल्या पेगी या यंत्रणेचा. सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं तसं गेमला आपल्याकडे लागत नाही, म्हणून बरेच दुकानदार आणि पालक तो आकडा कंपनीच्या चिन्हासारखा नजरेआड करतात. तेरा वर्षांच्या भाच्याला मी 'शॅडोज' घेऊन दिला नाही. रक्त बंद करता येतं हे त्याने मला तीनदा समजावून सांगितलं तरीही. त्याच्या एकोणीस वर्षांच्या बहिणीला 'हिटमॅन' दिला, आणि 'शॅडोज' हवाच असेल तर किंमत अर्ध्यावर येईपर्यंत थांब म्हणून सांगितलं. युबिसॉफ्टचे गेम लवकर उतरतात. सध्या ती मुंबईच्या मोहिमेत अडकली आहे, वान्याच्या माणसांना चुकवून यार्डात कसं शिरायचं म्हणून मला रोज फोन करते. मी सांगत नाही.