चौथा नट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्याकडे मोटार आहे असे मी वर्गात सांगितले, की मैत्रिणी डोळे विस्फारतात. मग मी सांगते, ती काळी-पिवळी आहे. माझे बाबा टॅक्सी चालवतात. पूर्वी आमची प्रीमियर पद्मिनी होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या; आमची त्याआधीच गेली होती. आता वॅगन-आर आहे. दर रविवारी लालबागच्या आमच्या चाळीपुढे ती धुण्याचे काम माझ्याकडे असते.

मागचे एक चाक पंक्चर झाले होते. परळच्या पंक्चरवाल्याने ते दुरुस्त करून बसवून दिले. त्या रविवारी गाडी पुसता पुसता माझ्या मनात आले, याने नट घट्ट आवळले असतील ना? डिकीतून व्हील पाना काढला, आट्यांवर थोडे तेल सोडले आणि पान्याच्या दांड्यावर चक्क उभी राहिले. शेवटच्या नटाला पाना एकदम मऊ झाल्यासारखा फिरला. मला वाटले, आता कसा पक्का बसला! बाबा वर झोपले होते. मी कुणाला काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी धंद्यावर निघताना, बाबांनी सवयीप्रमाणे चाकांवरून हात फिरवला, तर एक नट आतल्या स्टडच्या तुकड्यासकट त्यांच्या हातात आला.

"गन लावून आवळला असणार त्याने," बाबा म्हणाले. "तू ऑपेरा हाऊसला जाऊन स्टड घेऊन ये. तोवर मी ड्रम उतरवतो. मग त्याच्याकडे बघतोच."

"पण तीन नट आहेत ना अजून?" मी हळूच विचारले.

"तीन नटांवर गाडी चालते गं. पण माणसं बसवून चालवायची नाही."

करी रोडवरून चालत लोअर परळ गाठले आणि चर्नी रोडची गाडी पकडली. स्टेशनामागून स्टेशन जात होते आणि मला तो पंक्चरवाला दिसत होता. फुटपाथवर एक पेटी, एक पंप आणि पाण्याचे घमेले, एवढाच त्याचा संसार. बाबा त्याला चारचौघांत बोलणार होते, आणि त्याच्याकडे उत्तर नसणार होते.

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काकांनी तो तुकडा बोटांत फिरवून पाहिला. "हा ताणून तोडलाय. बघ, कमरेत कसा बारीक झालाय. चारही बदला. एक गेला, की त्याचा भार बाकीच्यांनी सोसलेला असतो." पुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांतून मी चार घेतले.

परत आले तेव्हा ड्रम उतरवून ठेवला होता आणि आजोबा शेजारी स्टुलावर बसले होते. आजोबा मिलमध्ये फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची मिल सुटली. हत्यारांची पेटी तेवढी घरी राहिली. मी स्टड त्यांच्या हातात दिले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. तेलाचेही सांगितले.

बाबा काहीच बोलले नाहीत. बोलले आजोबाच. "नट आवळला की स्टड रबरासारखा जरासा ताणतो. त्या ताणानं चाक घट्ट धरलं जातं. मर्यादेपलीकडं ओढलास, की तो पुन्हा मूळ जागी येत नाही. पाना मऊ लागला ना, तेव्हाच तो मेला. आणि तेल लावल्यावर तेवढ्याच जोरात तो दुप्पट ओढला जातो म्हण ना. आमच्याकडं नवी पोरं हेच करायची."

बाबांनी जुने स्टड बाहेरून हातोडा मारून आत पाडले. नवे आतून घातले, बाहेरून जाड वायसर ठेवले आणि नट उलटा लावून हळूहळू आवळत नेला. स्टडच्या मानेवरचे दाते भोकात कचकच रुतत बसले. चाक चढवल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

"आता तूच आवळ. समोरासमोरचे. एक वरचा, मग खालचा. आणि हातानं; पायानं नाही."

मी आवळले. दुसऱ्या दिवशी पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बाबांनी मलाच खाली बोलावले आणि पुन्हा तपासायला लावले. नट जागचे हलले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही परळला हवा भरायला थांबलो. पंक्चरवाल्याने बाबांना नमस्कार केला आणि विचारले, "ते चाक बरं चाललंय ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "चाललंय," मी म्हटले, "तुम्ही बरोबरच बसवलं होतं."

त्याला या बोलण्याचे थोडे नवल वाटले असावे. हसून तो पुढच्या चाकाकडे वळला.