दव, बर्फ आणि मामांची मूठ

माझं माहेर बेळगावचं आणि आजोळ निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. बेळगावहून गाडी निघाली की काकतीनंतर वंटमुरीचा घाट, मग हत्तरगी, संकेश्वर आणि शेवटी तवंदीचा घाट. तवंदी उतरायला लागलं की आई म्हणायची, "आलं बघ माझं गाव." अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण आम्हा मुलांना तो केवढा तरी प्रवास वाटायचा. गेल्या डिसेंबरात त्याच रस्त्याने मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होता. ती त्याची सवयच झाली होती. त्या मनगटाची गोष्ट आधी सांगते.

आम्ही ओस्लोला राहतो. तिथे एक नंबरची मेट्रो चढत चढत थेट जंगलाच्या काठावर, फ्रोग्नरसेतेरेनला नेऊन सोडते. हिवाळ्यात त्या डब्यात निम्मी माणसं हातात स्की धरून उभी असतात. डोंगरावरून घसरत यायच्या स्की वेगळ्या. या लांब, अरुंद, जंगलातून मैलोन्‌मैल चालायच्या. टाच मोकळी असते, चढही चढायचा असतो. मी हे वयाच्या पस्तिशीत शिकले, मुलगा चालायला लागला तेव्हापासून शिकला.

कडाक्याची थंडी असेल तर काही प्रश्न नसतो. उणे आठ-दहा तापमानात बर्फ कोरडा राहतो, सकाळी असतो तसाच संध्याकाळी. खरी परीक्षा असते ती सौम्य हवेत, पारा शून्याच्या जरा खाली, जरा वर करत असतो तेव्हा. स्कीच्या मधल्या भागाला मेण लावतात, चढताना पकड मिळावी म्हणून. थंडीत निळं, शून्याच्या आसपास जांभळं, त्याच्या वर लाल. पण शून्याच्या आसपास हे गणित बिघडतं. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, ते मेणात रुततात. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचे दाणे गोल होतात, त्यांना ते मेण धरतच नाही. तिथे ट्यूबमधून येणारं, काकवीसारखं चिकट क्लिस्टर लागतं. आणि ताजा ओला बर्फ असेल तर स्कीखाली त्याचे गोळेच धरतात, जणू उंच टाचांचे जोडे घातले आहेत.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका रविवारी मी मोबाईल बघितला. अधिक तीन, ऊन. आम्ही दुपारी एकला निघालो. बर्फ मऊ, खिचडीसारखा झालेला. हळूहळू जात राहिलो आणि परतायला साडेपाच झाले. ॲप अजून अधिक दोनच दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. शेवटच्या मोकळ्या उतारावर मुलगा माझ्यापुढे होता. दुपारची ती खिचडी तिथे काचेसारखी गोठली होती. तो पडल्याचा आवाज मला आधी आला, मग तो दिसला. मनगट मोडलं होतं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण त्याने स्की बाल्कनीत ठेवून दिल्या त्या दिल्याच. मला एकदाच म्हणाला, "आई, तू म्हणाली होतीस की बर्फ मऊ आहे." मी तसं म्हणाले होते हे खरंच. पुढे मी काय बोलणार?

तर असा हा मुलगा घेऊन मी मामांकडे पोचले. मामा सत्तरी ओलांडलेले. पूर्वी सगळी तंबाखूच होती, आता बराचसा ऊस आणि सोयाबीन, आणि कडेच्या एका तुकड्यात तंबाखू. इथली तंबाखू विडीची. तिचं मी कौतुक करत नाही. मामा स्वतः कधी विडीला शिवलेले नाहीत. पण या पिकावर आमच्या आजोळची दोन पिढ्यांची शिक्षणं झाली, निपाणीतल्या वखारींत कितीतरी बायकांचे हात राबले, आणि १९८१ साली याच पिकाला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. मामा तो विषय निघाला की अजूनही गप्प होतात.

रात्री जेवण झाल्यावर मामा अंगणात गेले आणि वर बघत उभे राहिले. मुलगा त्यांच्या मागे. "मामाआजोबा, काय बघताय?"

"आभाळ उघडं हाय, वारा पडलाय. उद्या दव हाय. पाचला उठशील काय?"

तो उठला. सुट्टीत दहाच्या आत न उठणारा मुलगा पाचला स्वेटर घालून दारात उभा होता. मोबाईलवर पंधरा अंश होते. शेतात कापून पसरलेली तंबाखूची झाडं उन्हाने वाळून तपकिरी झाली होती. दुपारी हेच पान हातात धरलं तर पापडासारखं मोडतं, त्याचा चुरा होतो आणि चुऱ्याला भाव नाही. म्हणून ते गोळा करायचं पहाटे, दवाने नरम झाल्यावर. पण जास्त ओलं असताना थप्पी लावली तर आत तापतं, बुरशी धरते, सगळा माल काळा पडतो. त्यामुळे मधली वेळ नेमकी साधावी लागते. ती तास-दोन तासांची असते.

मामांनी एक पान मुठीत चुरगळलं आणि मूठ उघडली. पान तसंच गोळा होऊन राहिलं. "लई ओलं. थांबायचं." अर्ध्या तासाने पुन्हा दुसरं पान. मूठ उघडली तशी पान सावकाश, जणू आळस देत, उलगडलं. "आता उचला."

मुलगा म्हणाला, "अरे, आम्हीपण असंच करतो!" आणि त्याने मामांना त्याच्या मोडक्या मराठीत बर्फाची परीक्षा सांगितली. मुठीत बर्फ घेऊन दाबायचा. भुगाच राहिला तर कोरडा. गोळा झाला तर ओलसर. बोटांतून पाणी निघालं तर भिजलेला. शाळेत शिकवलं होतं. मी मात्र त्या रविवारी मूठ भरलीच नव्हती, मोबाईल बघितला होता.

मग मी मामांना विचारलं, "मामा, हवा पंधरा अंशांवर असताना पानावर एवढं पाणी कसं धरतं?"

"पोरी, हवा मोजून काय करतीस? पान थंड झालं का बघ की. वर पांघरूण न्हाई, तर पान गारठणारच." त्यांनी बांधावरच्या आंब्याकडे बोट केलं. "त्या झाडाखाली जाऊन बघ, कोरडं असंल."

मुलगा धावत गेला, हात फिरवून आला. खरंच कोरडं होतं.

तिथेच मला माझ्या मार्चच्या रविवारचा उलगडा झाला. निरभ्र रात्री जमीन, पान, बर्फ, जे जे उघड्या आभाळाखाली असतं ते आपली उष्णता वर सोडून देतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. पान थंड झालं की त्यावर हवेतली वाफ दव होऊन बसते. तसाच बर्फाचा पृष्ठभाग हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही गोठू शकतो. ढग असले की ते पांघरुणाचं काम करतात, झाडाचा पालाही करतो. वारा सुटला की वरची उबदार हवा खालच्या थंड हवेत मिसळते. थंड हवा जड असते, म्हणून ती सखल भागात साचते. मामा सांगत होते की वेदगंगेच्या बाजूच्या खालच्या रानात दव जास्त, माळावर कमी. ओस्लोच्या जंगलातही मोकळ्या दलदलींवर आणि तळ्यांच्या काठी बर्फ आधी घट्ट होतो, दाट झाडीत उशिरा. त्या दिवशी झाडीतून येताना बर्फ मऊच होता. झाडी संपून मोकळा उतार लागला आणि आभाळ उघडं झालं, हे मी बघितलंच नव्हतं. ॲपने हवेचं तापमान बरोबरच सांगितलं होतं. चूक माझी होती.

हे सगळं मी मुलाला बांधावर बसून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुला माहीत नव्हतं." मी म्हणाले, "नव्हतं." तो उठून मामांबरोबर पानं उचलायला गेला. त्या दिवशी त्याला मनगट चोळताना मी बघितलं नाही.

मामांची मुलं पुण्याला असतात. हा तंबाखूचा तुकडाही पुढच्या वर्षी उसात जाईल. तंबाखू गेली याचं दुःख मला नाही. पण आभाळ बघून उद्याचं पान सांगणारा माणूस घरात आहे तोवर मुलांना एकदा त्याच्या मागे पाचला उभं करावं, असं मात्र वाटतं.

परत आल्यावर फेब्रुवारीत एका शुक्रवारी रात्री मुलगा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत येऊन म्हणाला, "ढग आहेत. उद्या सकाळी बर्फ कडक नसेल. जाऊया?" मी काही न बोलता मेणाचा डबा काढला. सकाळी फ्रोग्नरसेतेरेनला उतरून त्याने मूठ भरली. गोळा झाला, पाणी निघालं नाही. जांभळं मेण लावून निघालो.

दुपारी दोनच्या सुमारास ढग फाटले. बाकी लोक उन्हाकडे तोंड करून बसले होते, संत्री सोलत होते. मुलगा वर बघून म्हणाला, "आई, आता परत फिरू. ऊन गेलं की लगेच गोठेल." आम्ही फिरलो. त्या मोकळ्या उताराच्या तोंडाशी पोचलो तोवर तिथे सावली आली होती. त्याने हातमोजा काढला, वाकून बर्फावर तळवा ठेवला, आणि स्की काढून खांद्यावर घेतल्या. शेजारून लोक सुसाट जात होते. आम्ही दोघं कडेकडेने, टाचा रोवत, दहा मिनिटं चालत उतरलो.

घरी आल्यावर त्याने मामांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज पडलास काय?"

"नाही, मामाआजोबा. चालत उतरलो."

"बरं केलंस," मामा म्हणाले. "हितं आज आभाळ भरलंय. उद्या दव न्हाई."