सिकंदरबागेतली हाडे

लखनौच्या सिकंदरबागेचा एक फोटो मी गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा काढून बघतो. छायाचित्रकार फेलिचे बेआतोने तो 1858 साली टिपला. मागे उंच खांबांची, तोफांनी खिळखिळी केलेली इमारत. पुढे अंगणभर कवट्या आणि हाडे, आणि त्यांच्या पलीकडे चार माणसे, एक घोडा. माणसांच्या आकृती स्पष्ट आहेत. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, म्हणजे तेवढा वेळ ती माणसे त्या हाडांपाशी निश्चल उभी होती.

नवाब वाजिद अली शाहची ही विहाराची बाग. 1857 च्या उठावात, नोव्हेंबरात, तिच्या भिंतींच्या आत कोंडले गेलेले सुमारे 2,000 बंडखोर शिपाई इंग्रजांच्या फौजेने मारले. बेआतो पोचला तो काही महिन्यांनी. मग हाडे उघड्यावर कशी? सर जॉर्ज कँपबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहिले आहे, की प्रेते झाकलेली होती. बेआतोने हट्टाने ती उघडी करून घेतली. हे वाचले त्या दिवशी मला तो फोटो बघवेना. मेलेल्या शिपायांना साहेबाच्या चित्रासाठी पुन्हा एकदा हजर केले होते.

हाडे मांडता आली, माणसे उभी करता आली. भिंतीची पडझड मात्र खरी आहे. पण भिंत कुणाच्या बाजूने बोलणार, तेही जेत्यानेच ठरवले. याच शहरातल्या रेसिडेन्सीचे भग्न अवशेष इंग्रजांनी जिवापाड जपले, तिच्यावरचा झेंडा 1947 च्या ऑगस्टपर्यंत रात्रीही उतरवला नाही. ती पडझड वेढ्यातल्या त्यांच्या चिवटपणाची खूण ठरली आणि सिकंदरबागेची पडझड आमच्या शिक्षेची.

बेआतोने फोटो टिपला त्याच 1858 साली आपले वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात अडकले होते. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. पण त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक वाचताना पडलेल्या घरांत माणसे दिसतात, त्यांची भूक, त्यांची भीती, लुटले गेलेले त्यांचे किडूकमिडूक. बेआतोच्या काचेवर यातले काहीच उमटले नाही.

त्या फोटोखालची ओळ जरूर वाचा. तिच्यात हल्ला करणाऱ्या सेनापतीचे, सर कॉलिन कँपबेलचे नाव आहे, 93 व्या हायलँडर्सचे आहे, चौथ्या पंजाब पलटणीचेही आहे. मेलेल्यांचा फक्त आकडा आहे.