गया की पाटणा?

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारात चहा होतो आणि चहाबरोबर गप्पा होतात. त्या गप्पांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "पोरांना सुट्टीत बुद्धगयेला न्यायचं आहे. विमानानं उतरायचं कुठं, गयेला की पाटण्याला?" महाविहाराच्या १९४९ च्या व्यवस्थापन कायद्याविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी बुद्धगयेत उपोषण आरंभले. तेव्हापासून आपल्या वस्त्यांतून तिकडे जाणे वाढले आहे, आणि आता लोक एकटे न जाता मुलाबाळांसह जातात. मला हा प्रश्न विचारण्याचे कारण एवढेच की मी दोन्हीकडे उतरलेलो आहे. एकदा हट्टाने आणि एकदा शहाणा होऊन.

विमान म्हणजे चैन, असे आपल्यात अजूनही काहीजण मानतात. वर्गणीची पावती पुस्तके घेऊन दारोदार फिरणारा माणूस विमानात कसा बसतो, असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला चारचौघांत विचारले होते. मी त्यांना माझ्या रजेचा हिशेब सांगितला. कल्याणहून गयेला रेल्वेने जायला एक दिवसाहून अधिक लागतो. जाऊन येऊन जवळजवळ तीन दिवस गाडीत जाणार आणि साहेबांनी मंजूर केलेली रजा पाच दिवसांची. त्यात आईचे गुडघे. रेल्वेचेही भाडे आता लहान मुलांसाठी पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०१६ पासून पाच वर्षांवरील मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांना ते पटले की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी चहा मात्र घेतला.

पहिली खेप डिसेंबर २०२२ ची. नाताळची सुट्टी होती. आम्ही पाचजण : आई, पत्नी, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि मी. दोन वर्षांवरील मुलाला विमानात स्वतंत्र तिकीट लागते, म्हणजे तिकिटे पाच. मुंबईहून पाटण्याला थेट विमान होते. आम्हाला हव्या त्या तारखांना गयेला थेट विमान नव्हते, कोलकात्याला बदलून जावे लागत होते आणि भाडेही जास्त होते. पत्नी म्हणाली, "जास्त गेले तरी चालतील, गयेलाच उतरू. मुलीला मोटार लागते, तुम्हाला माहीत आहे." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कागद घेऊन बसलो आणि पाटणा धरल्यास अकरा हजार रुपये वाचतात हे तिला दाखवून दिले. पाटण्याहून बुद्धगया शंभर-सव्वाशे किलोमीटर, तीन तासांत पोहोचू, असेही ठोकून दिले. नकाशावर ते अंतर खरोखर बोटभर दिसते.

विमान पहाटे सहा वाजून दहा मिनिटांचे. दोन वाजता मुलांना झोपेतून उठवून निघालो. विमानतळावर बसल्या बसल्या आई म्हणाली, "आमच्या घरात विमानतळाचं नाव पहिल्यांदा निघालं ते बाबासाहेबांमुळं." ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने सांताक्रूझला आणले गेले आणि तिथून राजगृहावर नेले. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, परळच्या गिरणीतले कामगार. ते त्या रात्री राजगृहाबाहेरच्या गर्दीत उभे होते. आई तेव्हा आठ वर्षांची होती, नेमकी माझ्या मुलीएवढी. मुलगी पेंगतच ऐकत होती. तेवढ्यात घोषणा झाली की पाटण्याला धुके आहे, विमानाला उशीर होईल.

डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यात सकाळी दाट धुके पडते आणि विमाने रखडतात, हे मला वर्तमानपत्रातून माहीत होते. ते आपल्याही विमानाला लागू आहे, हे मात्र लक्षात आले नव्हते. धुक्याने झालेल्या उशिराची नुकसानभरपाई नियमाप्रमाणे मिळत नाही. सहाचे विमान अकरा वीसला सुटले आणि आम्ही पाटण्याला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ठरवलेला मोटारवाला वाट पाहून दुसरे भाडे घेऊन गेला होता. दुसरा शोधेपर्यंत पावणेचार. गयेच्या रस्त्याचे तेव्हा चौपदरीकरण चालू होते. जागोजागी वळवलेला रस्ता, धूळ, खड्डे. मुलीला मसौढीच्या पुढे पहिली उलटी झाली आणि जहानाबादपर्यंत आणखी तीन. मुलगा उपाशी रडून रडून झोपला. अंधार पडला तसे धुके पुन्हा उतरले आणि मोटार बैलगाडीच्या चालीने जाऊ लागली. बुद्धगयेला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस झाले होते. महाविहार नऊ वाजता बंद होतो.

दुसऱ्या दिवशी आईला थंडीने ताप भरला. त्या आठवड्याच्या अखेरीस दलाई लामांची प्रवचने व्हायची होती, त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी तिला शाल गुंडाळून नेले. रांगेतून रेटारेटीत आत गेलो, बोधिवृक्षापाशी बसायला जागाच मिळाली नाही. तिने उभ्यानेच हात जोडले आणि "चला, पोरं गारठतील," म्हणाली. सगळे मिळून चाळीस मिनिटे. तिसऱ्या दिवशी दुपारचे विमान पाटण्याहून होते, म्हणून पहाटे सहालाच निघावे लागले. मुलीला परतीच्या वाटेवरही उलट्या झाल्याच.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला, कारण ती सवयच आहे. तिकिटांत वाचले अकरा हजार. मोटारीला दोन्ही वेळचे मिळून साडेनऊ हजार, डॉक्टर आणि औषधे नऊशे. बाकी शिल्लक सहाशे रुपये. त्या सहाशे रुपयांसाठी मी आईचे दोन दिवस घालवले होते. ती मात्र शेजारणींना "सगळं छान बघितलं" असे सांगत होती. ते ऐकून मला आत घरात जाऊन बसावेसे वाटले.

पुन्हा जायचे ठरले ते २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत. या वेळी पत्नीने आधीच बजावले, "विमानातून उतरल्यावर तासाभरात मुलं आणि आई खोलीवर पाहिजेत. बाकी तुम्ही काय ते ठरवा." या एका वाक्याने पाटणा बाद झाले. वाराणसीचा विचार मी मनापासून केला. मुंबईहून तिथे थेट विमाने आहेत, सारनाथ जवळ आहे, आणि पुढे जुन्या मुगलसराईहून, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, रेल्वेने साधारण तीन तासांत गया येते. मुलीला मोटार लागते, रेल्वे लागत नाही. ज्यांच्याकडे आठवडाभराची रजा आहे आणि ज्यांच्या घरी म्हातारे माणूस बरोबर नाही, त्यांना मी आजही हाच मार्ग सांगतो. आमच्याकडे दिवस चारच होते.

राहिले गया. विमानतळ बुद्धगयेच्या उशाशी आहे, महाविहारापासून दहा किलोमीटरच्या आत. पण तिकडे जाताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या मला ठेच लागूनच कळल्या. पहिली तारखेची. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी आणि बिहारची छठपूजा एकाच सुमारास येतात. मुंबईत पोटासाठी आलेला बिहारी माणूस त्या दिवसांत गावी निघतो, त्यामुळे छठेपूर्वी तिकडे जाणारी आणि छठेनंतर इकडे येणारी विमाने भरलेली असतात आणि भाडी कडाडतात. त्या वर्षी छठ ८ नोव्हेंबरला सकाळी संपली. आम्ही १० तारखेला निघालो, जाताना स्वस्त पडले. परतीचे तिकीट मी ऑगस्टमध्येच काढून ठेवले होते, तरी जड गेलेच. दुसरी गोष्ट विमान बदलण्याची. मुंबई-कोलकाता आणि कोलकाता-गया अशी दोन वेगळी तिकिटे काढली तर थोडी स्वस्त मिळत होती. तो मोह मी टाळला. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असली की सामान परस्पर गयेला जाते, आणि पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळ्या तिकिटांवर ती आपल्याच गळ्यात पडते, सोबत दोन मुले आणि चार पिशव्या.

मध्ये वेळ किती ठेवावा, यावरून आमच्या घरी वाद झाला. मला सव्वा तास पुरेसा वाटत होता. पत्नीने तीन तासांचे धरायला लावले. कोलकात्याला उतरल्यावर तिचे म्हणणे पटले. मुलांनी घरची पोळी आणि तिळाची चटणी खाल्ली, मोठ्या काचेपाशी उभे राहून विमाने मोजली, मुलगा बाकावर अर्धा तास झोपला. सव्वा तासात हे झाले नसते, नुसती धावपळ झाली असती. आईसाठी चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवली होती, तिला पैसे पडत नाहीत. २०२२ मध्ये "मी काय लंगडी आहे का?" म्हणून तिने ती धुडकावली होती. या वेळी नातू म्हणाला, "आजी, तू बस, मी ढकलतो," मग बसली. ढकलले अर्थात विमानतळावरच्या माणसानेच. नातू पुढे पुढे वाट करून देत होता.

साडेतीनला गयेला उतरलो. हिवाळ्याच्या हंगामात तिथे बौद्ध देशांतूनही विमाने येतात. बाहेर काषाय आणि मरून चीवरातले भिक्खू सामानाची वाट पाहत उभे होते. मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. मोटारीत बसताना तिने सवयीने पिशवी हातात घेतली होती. ती उघडायची वेळ येण्याआधीच खोली आली.

गया निर्दोष आहे असे कोणी समजू नये. धुके तिथेही पडते, नाताळात जाणाऱ्याने सकाळचे विमान धरू नये. विमाने मोजकी आहेत, एक रद्द झाले तर दुसरे लगेच मिळत नाही. पाटण्याला तसे होत नाही, आणि पाटणा-गया-डोभी रस्त्याच्या चौपदरीकरणाचे मे २०२५ मध्ये लोकार्पणही झाले आहे. त्याच महिन्यात पाटण्याच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचेही उद्घाटन झाले. तरणी मुले असतील, मोटार लागत नसेल, राजगीर-नालंदाही करायचे असेल, तर पाटण्याला उतरणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. इकडच्या बाजूलाही आता नवा प्रश्न आला आहे. २०२५ च्या डिसेंबरअखेरीपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाने भाड्यातला फरक पाहण्याआधी पहाटे तिथवर मुलांना कसे न्यायचे ते पाहावे.

त्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही महाविहारात होतो. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून फोटो काही नाहीत. बोधिवृक्षाजवळ या वेळी जागा मिळाली. आईने भिंतीला टेकून पाय लांब केले, त्रिशरण-पंचशील म्हटले आणि गप्प बसली. नातू तिच्या मांडीवर झोपला. मुलगी कुठकुठल्या देशांची माणसे आहेत ते बोटांवर मोजत होती. मी घड्याळाकडे पाहिले, मग पाहायचे सोडून दिले. आम्ही उठलो ते दार बंद व्हायची वेळ झाल्यावरच.

बाहेर मोबाइल परत घेण्याच्या रांगेत आईने विचारले, "कुशिनाराला जायचं तर कुठं उतरतात रे?"

मी म्हणालो, "तिथलं स्वतःचं विमानतळ आहे. २०२१ मध्ये उद्घाटन झालं. नाहीतर गोरखपूर, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर."

"उद्घाटन झालं ते राहू दे. आपल्याकडून विमान जातं का तिथं?"

ते पाहावे लागेल, म्हणालो. मुलगी मध्येच बोलली, "पप्पा, पन्नास किलोमीटर म्हणजे किती उलट्या?"