जयपूरच्या कमानी

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरचे रस्ते पट्टीने आखावेत तसे सरळ आहेत. पण मान वर केली की जिकडेतिकडे कमानी! अशा जुन्या महिरपी कमानीत नेमकी बसेल अशी दुकानाची पाटी करणे मोठे जिकिरीचे काम. टेपने कमानीची लांबी कळते, आकार कळत नाही. शिवाय हाताने घडवलेल्या कमानीच्या दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही. अर्धीच मोजून कागद उलटवला, तर कापलेला पत्रा वाया जातो आणि भुर्दंड पेंटरच्या माथी बसतो.

यावरचा उपाय साधा आहे. कमानीच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधायची. तिच्यावर दर तीन इंचांवर खूण करायची आणि प्रत्येक खुणेपाशी गुण्या धरून कमानीपर्यंतची उंची लिहून घ्यायची. पाकळ्या जिथे मिळतात, तिथली मापे वेगळी घ्यायची. ती कागदावर मांडून बिंदू जोडले की कमान हाती येते. पत्रा कापण्याआधी तो कागद जागेवर लावून पाहायचा.

इथल्याच जंतरमंतरमधील सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्रात सरळ आणि वक्र यांची अशीच जोडी आहे. तिरक्या सरळ भिंतीची सावली खुणांच्या वक्र पट्टीवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते आणि वेळ सांगते. जयपूरला गेलात, तर दोन्ही जरूर पाहा. वक्राचा हिशेब सरळ रेषेनेच लागतो, हे तिथे डोळ्यांना दिसते.