नीलमोहर

वर्षातले दहा महिने नीलमोहराला कोणी ओळखत नाही. रस्त्याच्या कडेला बारीक पानांची झिळमिळ घेऊन तो उभा असतो आणि येणारेजाणारे त्याला खुशाल गुलमोहर समजतात. तो बापडा काही बोलत नाही. मग उन्हं तापतात, जुनी पानं झडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकाटोकांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस येतात. तेव्हा कुठे पुण्यातले लोक सिग्नलला थांबल्यावर मान वर करतात.

गुलमोहराशी त्याचं साम्य आहे, नातं नाही. गुलमोहर मादागास्करचा आणि शेंगवाल्या घराण्यातला. हा दक्षिण अमेरिकेचा, वायव्य अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हियाकडचा. आपल्या रानातले टेटू, पाडळ, मेडशिंगी ही त्याची खरी भावकी, आणि बुचसुद्धा.

फुलं नसताना ओळखायचं तर पानाचा देठ फांदीला कुठे जुळतो ते बघा. नीलमोहराची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. गुलमोहराची एकाआड एक. नीलमोहराची पर्णिका टोकदार, त्यातही शेवटची इतरांपेक्षा लांब; गुलमोहराची पर्णिका टोकाला गोलसर. एवढ्यानंही शंका फिटली नाही तर फळ शोधा. गुलमोहराची शेंग लांब, तलवारीसारखी असते. नीलमोहराचं फळ चपटं, गोल, लाकडासारखं कठीण. वाळलं की त्याची दोन शकलं होतात आणि आतून पातळ पारदर्शक पंखांच्या बिया वाऱ्यावर निघून जातात.

खाली पडलेलं एखादं फूल उचलून नळी उभी चिरावी. चार पुंकेसर नीट कामाचे, आणि पाचवा त्यांच्याहून लांब, केसाळ, पण वांझ. परागकण न देणारा हा केसर फुलात सगळ्यात ठळक दिसतो. मला या झाडाचं सगळ्यात जास्त अप्रूप इथंच वाटतं.

बी लावायची तर दिवसभर पाण्यात भिजवून मातीच्या अगदी पातळ थराखाली ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. पुढे मात्र धीर हवा. बियांपासून वाढलेलं झाड फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतं, कधी त्याहून जास्त. त्याला भरपूर ऊन लागतं आणि पाणी साचलेलं चालत नाही. छाटणीचा तर त्याला राग आहे. शेंडा कापला की सरळसोट फुटवे सुटतात आणि पसरट डौल कायमचा जातो. विजेच्या तारांखाली लावून मग दरवर्षी त्याची मुंडी छाटणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहराला त्याच्यावरून टोपणनावच पडलं आहे. तिथले रस्ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निळे होतात, आणि परीक्षेच्या दिवसांत डोक्यावर फूल पडलं तर विद्यार्थी पास होतो, असं तिथे मानतात. पण त्याच देशात त्याच्या बिया उडून ओढ्यांच्या काठी रुजल्या, आणि तो आक्रमक परदेशी झाडांच्या यादीत गेला. बऱ्याच भागांत त्याचं नवं रोप लावायला आता मनाई आहे.

म्हणून रुंद रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानाजवळ, सोसायटीच्या मोकळ्या जागेत नीलमोहर जरूर लावा. पण टेकडीवर खड्डा घेणार असाल तर तिथे त्याच्या भावकीतली आपली मेडशिंगी लावा.